पाडणे, ओढणे, ओतणे : ‘डाय’च्या मराठी परिभाषेची एक चिकित्सा

मराठीत तांत्रिक परिभाषा कशी घडवावी, या प्रश्नाची चर्चा आजवर बहुधा दोन टोकांवरून होत आलेली आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, संस्कृत धातूंना उपसर्ग व प्रत्यय जोडून नवे शब्द सिद्ध करावेत. दुसरा पक्ष म्हणतो, इंग्रजी शब्द कारखान्यांत रुळलेले आहेत, ते तसेच राहू द्यावेत. दोन्ही पक्षांची तत्त्वचर्चा पुष्कळ झाली. परंतु एखादा शब्दसमूह हाती घेऊन, त्यामागील क्रिया प्रत्यक्ष कशी चालते हे पाहून, कोणता शब्द तेथे टिकतो व कोणता मोडतो याची परीक्षा मात्र फारशी झालेली नाही. अशी परीक्षा करावयाची तर क्षेत्र अगदी अरुंद असणे बरे. म्हणून या लेखात ‘डाय’ हा एकच शब्द व त्याच्या भोवतालची हत्यारे एवढाच विषय घेतला आहे.

इंग्रजीत ‘डाय’ हा शब्द मुळात फाशाचा. सारीपाटाच्या फाशाला जो शब्द तोच हत्याराला. फरक एवढाच की अनेकवचनात ते दोहोंना वेगळी रूपे देतात. या एका शब्दाखाली त्या भाषेने किती वस्तू कोंबल्या आहेत ते पाहण्यासारखे आहे. पत्र्यातून चकती कापणारी पोलादी जोडी ती डाय. लोखंडी सळईवर बाहेरून आटे पाडणारी कडी तीही डाय. ज्या भोकातून तार ओढून बारीक करतात ती चकती डाय. ज्या पोकळीत तापलेले लोखंड दाबून आकार देतात ते दोन ठोकळे डाय. ज्यात वितळलेले जस्त किंवा अल्युमिनियम दाबाने भरतात तो पोलादी साचा डाय. नाण्यावर छाप उठवणारा ठसा डाय. आणि लग्नपत्रिका किंवा औषधाचे खोके कापण्यासाठी लाकडी फळीत पोलादी पट्ट्या बसवून जी चौकट करतात तीही डायच. यांतील निम्म्या वस्तू कापतात, निम्म्या कापीत नाहीत. काही पदार्थ घन स्थितीत घेतात, काही द्रव स्थितीत. समान धर्म एवढाच की, प्रत्येकीत इच्छित आकार अगोदर कोरलेला असतो आणि तो पुन्हा पुन्हा हुबेहूब उतरतो. इंग्रजी कामगाराला हे अडत नाही, कारण तो मागे-पुढे दुसरा शब्द जोडून अर्थ निश्चित करतो. अडते ते भाषांतरकाराला.

मराठी कारागिराने या वस्तूंकडे कधीच एका नावाने पाहिले नाही. छाप उठवणारा तो ठसा. आणि येथे मराठीची एक लकब लक्षात घेण्यासारखी आहे की, उपकरणालाही ठसा म्हणतात व उमटलेल्या खुणेलाही. ज्यात काही भरावयाचे तो साचा, मग ती करंजी असो, पाडव्याच्या साखरेच्या गाठी असोत की ओतीव पितळ असो. सोनार तार ओढतो ती जंत्री. चांभार ज्या लाकडी पायावर जोडा बेततो तो कालबूत. हा फारसीतून आला, पण आता त्याचे परकेपण कोणालाही जाणवत नाही. आणि ज्याला यंत्रशास्त्रात दाबून बाहेर काढण्याची डाय म्हणतात, ती प्रत्येक मराठी घरात आहे : सोऱ्याची चकती. चकली, शेव, पापडी यांसाठी चकती बदलावयाची, पात्र व दट्ट्या तोच ठेवावयाचा, हे तत्त्व अल्युमिनियमच्या खिडक्यांच्या पट्ट्या काढणाऱ्या प्रचंड यंत्रातही तेच आहे. पदवीच्या वर्गात हा भाग शिकवताना सोऱ्याचे उदाहरण न देणारा अध्यापक विद्यार्थ्यांचा वेळ व्यर्थ घालवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता परिभाषाकारांची रीत पाहा. ते इंग्रजी शब्दांची यादी समोर घेतात आणि प्रत्येकापुढे एक मराठी शब्द लिहितात. यादीत ‘डाय’ एकदा येतो, म्हणून मराठी शब्दही एकच हवा. मग ‘मुद्रा’ पुढे येतो, किंवा ‘ठसा’, किंवा ‘साचा’. हिंदीतून ‘ठप्पा’ आणि ‘रूपदा’ही डोकावतात. ‘मुद्रा’ हा शब्द दिसावयास भारदस्त आहे. पण मराठी वाचकाच्या मनात तो राजमुद्रा, चेहऱ्यावरील भाव, नृत्यातील हस्तविन्यास आणि पैसा या चार अर्थांनी आधीच व्यापलेला आहे. त्यावर पाचवा अर्थ लादला असता तो नाण्याच्या ठशापुरता कसाबसा निभावतो. तार ओढण्याच्या चकतीला ‘मुद्रा’ म्हटले की मात्र हसू येते, कारण तेथे काहीही मुद्रित होत नाही. ‘ठसा’ची अडचण याच जातीची. ‘साचा’ तर आटे पाडणाऱ्या कडीला लावताच चुकीचे चित्र उभे करतो : साच्यात काहीतरी भरले जाते, कडीत काही भरत नाही. दोष या शब्दांचा नव्हे. इंग्रजीने एका शब्दात जो गोंधळ साठवला होता, तो आपण संस्कृत वस्त्रे नेसवून मराठीत आणला, हा दोष आहे. मराठीजवळ जो भेद तयार होता तो आपण होऊन टाकून दिला.

परंतु माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. परिभाषाकोश नामांचे असतात. क्रियापद त्यांत आलेच तर ‘-न’ प्रत्यय लावून, नामाच्या वेषात येते : कर्तन, छेदन, मुद्रण, संचकन. कारागिराची भाषा याच्या नेमकी उलट चालते. त्याच्याकडे नामे थोडी आणि क्रियापदे पुष्कळ, आणि भेद असतो तो क्रियापदांत. आपण ‘कटिंग टूल’ला ‘कर्तन हत्यार’ म्हणून मोकळे होतो; पण मराठीत कापतात, कातरतात, तासतात, चिरतात, छाटतात, कोरतात, खरवडतात आणि कातारी लाकूड कातून पाळण्याचे लाकडी खेळणे करतो. यांपैकी प्रत्येक क्रियेत धारेचा कोन निराळा, हाताची गती निराळी, निघणारा कचरा निराळा. कातणे व तासणे यांतील भेद हाच लेथ व शेपर या दोन यंत्रांतील भेद होय : पहिल्यात वस्तू फिरते, दुसऱ्यात हत्यार सरळ पुढे-मागे जाते. ‘कर्तन’ या शब्दात हा भेद मावत नाही. तो मावावा म्हणून मग विशेषणे लावीत बसावे लागते.

या दृष्टीने ‘डाय’च्या प्रश्नाकडे पाहिले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. आपण नाणी पाडतो. विटा पाडतो. वड्या पाडतो. गरम तेलावर सोऱ्या धरून शेव पाडतो, झारा धरून बुंदी पाडतो, ताटावर चकल्या पाडतो. सळईवर आटे पाडतो, पत्र्याला भोक पाडतो, कागदाचे तुकडे पाडतो. या सर्व प्रयोगांत ‘पाडणे’ हे एकच क्रियापद आहे, आणि यांतील बहुतेक ठिकाणी इंग्रजी यंत्रशास्त्रज्ञ ‘डाय’ किंवा तिच्या जवळचा शब्द वापरील. इंग्रजीने जी समानता नामात गोठवली, ती मराठीने क्रियापदात वाहती ठेवली आहे. डाय म्हणजे काय, या प्रश्नाला मराठीचे खरे उत्तर ‘मुद्रा’ नव्हे, ‘ठसा’ही नव्हे, ज्याने एकसारखे नग पाडता येतात ते साधन, असे ते उत्तर आहे.

‘पाडणे’ हे ‘पडणे’चे प्रयोजक रूप, हे सांगावयास नको. पण त्यातील ‘पडणे’ हा अर्थ येथे निव्वळ व्याकरणाचा राहत नाही. प्रेसखाली पत्र्याची चकती कापली जाते तेव्हा ती खालच्या भोकातून खरोखरच खाली पडते. शेव पडते, बुंदी पडते, वीट साच्यातून जमिनीवर पडते. पूर्वी टांकसाळीत घणाच्या घावाने नाणे उठवीत तेव्हा ते शब्दशः पडत असेल असे नाही. तरीही साधनापासून सुटे होऊन मोजता येणारा नग तयार होणे, हा अर्थ तेथेही आहेच. वडी आणि तुकडा यांविषयी कोणी शंका घेईल की येथे साधन केवळ सुरी आहे. शंका रास्त आहे. परंतु वड्या ‘पाडतात’ त्या एकसारख्या व्हाव्यात म्हणून, थापलेल्या थरावर आधी रेघा आखून. भाजीसाठी वांगे आपण ‘चिरतो’, त्याच्या फोडी मात्र ‘पाडू’ शकतो. नग, समानता आणि सुटे होणे या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे मराठी माणसाच्या तोंडी ‘पाडणे’ येते, असे म्हणावयास हरकत नाही.

यापुढील पायरी अधिक महत्त्वाची. पत्रा कापण्याच्या कामात दोन क्रिया आहेत, आणि नवशिक्या विद्यार्थ्याचा गोंधळ नेहमी तेथेच होतो. दोहोंतही वर नर हत्यार, म्हणजे पंच, व खाली मादी हत्यार, म्हणजे डाय. दोहोंतही पत्र्याला गोल छेद जातो. एका क्रियेत जो तुकडा खाली पडतो तोच माल असतो व उरलेली जाळी भंगारात जाते. इंग्रजीत त्याला ब्लँकिंग म्हणतात. दुसरीत पडलेला तुकडा भंगार व भोक पडलेला पत्रा हा माल, ते पिअर्सिंग. हा भेद शब्दच्छल नाही. पंच व डाय यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी लागते, अन्यथा पत्रा स्वच्छ कातरला जात नाही, फाटतो किंवा हत्यार भंगते. ही फट कोणाच्या मापातून काढावयाची, हे माल कोणता यावर ठरते. १ मिलिमीटर जाडीच्या सौम्य पोलादी पत्र्यातून २० मिलिमीटर व्यासाची चकती हवी असेल आणि प्रत्येक बाजूस जाडीच्या ५ टक्के, म्हणजे ०.०५ मिलिमीटर फट धरली, तर डायचे भोक पूर्ण २० चे ठेवून पंच १९.९० चा करावा लागतो. त्याच पत्र्याला २० चे भोक हवे असेल तर पंच २० चा आणि डाय २०.१० ची. पडणारा तुकडा डायचे माप घेतो, उरणारे भोक पंचाचे माप घेते. हे उलटे झाले तर शंभर नग काढल्यानंतर कळते की सर्व शंभर निरुपयोगी आहेत, आणि तासून दुरुस्त करण्यास पोलादही उरलेले नसते.

इंग्रजीत या दोन क्रियांना दोन निरनिराळी नावे असूनही विद्यार्थी गोंधळतो, कारण त्या नावांतून माल कोणता हे त्याला ऐकू येत नाही. परिभाषाकारांनी ‘छेदन’ आणि ‘वेधन’ अशी जोडी दिली तरी तेच. दोन्ही शब्द भोकच पाडतात. मराठी वाक्यात मात्र हा भेद कर्माच्या जागी आपोआप उघड होतो : येथे आपण चकत्या पाडतो आहोत की भोके पाडतो आहोत? चकत्या पाडतो म्हटले की चकती हा माल झाला, भोके पाडतो म्हटले की पत्रा. ‘चकती-पाड’ आणि ‘भोक-पाड’ अशी रांगडी संज्ञा परीक्षेच्या कागदावर कोणास शोभणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती शोभत का नाही, याचे उत्तर भाषाशास्त्रात सापडत नाही. ते आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनांत आहे.

‘पाडणे’ने सर्व काही साधते असा मात्र माझा दावा नाही. तार आपण पाडीत नाही, ओढतो. तेथे नग नसतो, सलग लांबी असते. जंत्रीच्या एका भोकातून दुसऱ्या अधिक बारीक भोकात जाताना धातू कापला जात नाही, केवळ लांबतो. वितळलेला धातू आपण ओततो. तापलेले लोखंड घडवतो. म्हणजे इंग्रजीतील एका ‘डाय’पुढे मराठीत निदान चार क्रियापदे उभी राहतात, आणि त्यांच्या सीमा धातूच्या वर्तनाच्या सीमांशी बऱ्याच अंशी जुळतात : कातरून सुटे होणे, ताणून लांबणे, वाहून भरणे, दबून आकार घेणे. धातुशास्त्राचा अध्यापक याहून चांगले वर्गीकरण काय करील?

परिभाषेच्या इतिहासात आपल्याकडे असा विचार झालाच नाही काय? शिवाजीमहाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला; त्यात सुमारे १४०० शब्द असून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा उद्देश. तो राज्यकारभाराचा कोश. त्याचे यशापयश दरबार व दफ्तर यांतच मोजले पाहिजे. खेद एवढाच की पुढील तीनशे वर्षांत आपण दफ्तराची ही पद्धत कारखान्यालाही लावली. डॉ. रघुवीर यांनी २० उपसर्ग, ५२० धातू व ८० प्रत्यय यांच्या बळावर लक्षावधी शब्द घडू शकतात असे प्रतिपादन केले. गणित म्हणून ते निर्दोष आहे. शब्द घडू शकतो आणि शब्द उच्चारला जातो, यांमधील अंतर मात्र या गणितात येत नाही. भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेले ‘महापौर’ व ‘दिग्दर्शक’ टिकले, कारण ते उच्चारणारे लोक नगरपालिकेत, वर्तमानपत्रांत व चित्रपटव्यवसायात होते आणि छापील अक्षरावरच त्यांचा व्यवहार चालत होता. लेथवरचा कारागीर छापील अक्षरावर काम करीत नाही. तो शेजारच्या उस्तादाच्या तोंडून शब्द घेतो. माधव जूलियनांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला, तेव्हा त्यांचा रोख भाषाशुद्धीचा पुरस्कार करण्याकडे होता. स्वतः फारसीचे अध्यापक व फार्सी-मराठी कोशाचे कर्ते असल्यामुळे त्यांना या शब्दांचे वजन ठाऊक होते, ही त्यातील गमतीची बाजू. परंतु कारागिरीचे शब्द हा स्वतंत्र प्रश्न आहे, याकडे त्या सबंध वादात कोणी पुरेसे लक्ष दिले असे दिसत नाही.

उलटपक्षी दाते व कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा येथे गौरवाने उल्लेख करणे भाग आहे. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या सात खंडांत सोनारी, सुतारी, चांभारी, विणकाम अशा धंद्यांचे शब्द त्या त्या धंद्याची खूण घालून नोंदलेले आहेत. याच संपादकांनी १९४८ मध्ये ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ काढला. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. एकाच संपादकांच्या टेबलावर एकीकडे कारागिराचा शब्द होता, दुसरीकडे शास्त्रज्ञाची संज्ञा. आणि दोहोंमध्ये जो पूल व्हावयास हवा होता तो झाला नाही. माझ्या मते हे विसाव्या शतकातील मराठी कोशकार्याचे सर्वांत मोठे हुकलेले काम आहे.

हे काम दुसऱ्या एका भाषेत झाले, आणि त्याचा संबंध आपल्याच मराठवाड्याशी आहे, हे आपल्या विभागातील फार थोड्यांना माहीत असते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय मौलवी अब्दुल हक यांच्या काळात कित्येक वर्षे औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते. १९३८ मध्ये ते दिल्लीस गेले. हैदराबादेत १९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या सिद्धतेसाठी भाषांतरविभाग स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठ सुरू झाले. परिभाषा कशी घडवावी यावर वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वज़ए इस्तिलाहात’ हा ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सारे वरून खाली येणारे काम होते, अरबी-फारसी धातूंवर उभे, आणि त्याला रघुवीरपद्धतीचेच सर्व दोष लागू पडतात. पण त्याच अंजुमनने पुढे ‘फरहंग-ए-इस्तिलाहात-ए-पेशावराँ’ या नावाने धंदेवाल्यांच्या शब्दांचा बहुखंडी कोश काढला. लोहार, सुतार, गवंडी, विणकर, सोनार असे एकेक पेशे घेऊन त्यांची हत्यारे व क्रिया त्यांत नोंदल्या आहेत. विद्यापीठासाठी शब्द घडवणाऱ्या भाषेलाच अखेर कारागिराच्या दारी जावे लागले, याचा अर्थ आपण घ्यावयास हवा होता. हैदराबाद संस्थानातून १९४८ मध्ये आपण मुक्त झालो आणि उर्दूची राजभाषा म्हणून असलेली सत्ता संपली. तिच्याबरोबर तिचा हा अनुभवही आपण अडगळीत टाकला.

या प्रदेशाच्या बोलीत त्या काळाच्या खुणा अजून दिसतात. मुदखेड-निजामाबाद लोहमार्गावरील उमरी हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. जानेवारी १९४८ मधील बँकेवरील छाप्यामुळे उमरीचे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात गेले. (‘छापा’ या शब्दात मुद्रण, धाड आणि नाण्याची एक बाजू असे तीन अर्थ एकत्र नांदतात, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) पूर्वेस धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू सुरू होते, आणि तेलुगूत साचा, छाप व मुद्रण या तिन्हींना ‘अच्चु’ हा एकच शब्द आहे; म्हणजे तेथेही इंग्रजीप्रमाणेच नामाने सर्व भार उचलला आहे. उर्दूचा ‘ठप्पा’ व ‘सुंबा’, इंग्रजीचा ‘पंच’ आणि मराठीचा ‘ठसा’ हे एकाच दुकानात एकाच दिवशी ऐकू येऊ शकतात. निजामी काळात या भागात दोन रुपये चालत, संस्थानचा ‘हाली’ व इंग्रजांचा ‘कलदार’. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. नाणे कोणाचे यापेक्षा ते कसे पाडले यावरून सामान्य माणसाने त्याला नाव दिले, आणि ते नाव कोणत्याही समितीच्या मदतीवाचून अर्ध्या हिंदुस्थानात चालले.

उमरीसारख्या कापसाच्या गावात पत्र्यापेक्षा जुनी अशी एक डाय आहे. सरकी काढण्याच्या यंत्राला येथे ‘जिन’ म्हणतात. हातरेचा मागे पडला तसा ‘रेचा’ हा शब्दही मागे पडला. रोलर जिनमध्ये जो रूळ रुई ओढतो तो एकसंध नसतो. चामड्याच्या, किंवा चामडे व इतर द्रव्यांच्या मिश्रणाच्या, असंख्य चकत्या एका दांड्यावर ओवून व दाबून तो तयार करतात आणि मग त्यावर तिरप्या खाचा पाडतात. या चकत्या मधोमध भोक असलेल्या, एकसारख्या असाव्या लागतात. म्हणजे एकाच नगात चकती पाडणे व भोक पाडणे या दोन्ही क्रिया आल्या. बाहेरच्या वर्तुळाचे माप डायवर, आतल्याचे पंचावर. वर दिलेला नियम शिकवावयास याहून जवळचे उदाहरण नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याला मिळणार नाही; पाठ्यपुस्तकात मात्र मोटारीच्या वॉशरचे चित्र असते.

संस्कृत संज्ञांविषयी माझा सरसकट विरोध आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. अक्षर पाडण्याच्या धंद्यातच याचे उत्तम प्रत्यंतर मिळते. जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये काढला. त्यापूर्वी काही वर्षे टाइप ओतण्याचा कारखाना ते चालवीत होते, आणि अक्षरे कोरणारे राणोजी रावजी आरू त्यांचे सहकारी होते. पोलादी दांडीच्या टोकावर अक्षर उलटे व उठावाचे कोरावयाचे, पोलादास पाणी द्यावयाचे, ते तांब्याच्या तुकड्यावर ठोकून खोलगट सुलटे अक्षर मिळवावयाचे, आणि त्यात शिशाचा मिश्रधातू ओतून पुन्हा उलटे, उठावाचे असे कितीही टाइप पाडावयाचे. या मधल्या तांब्याच्या तुकड्याला मराठीत ‘मातृका’ म्हटले गेले. लॅटिन शब्दातही आईच आहे, संस्कृत शब्दातही आईच. शिवाय वर्णमालेला आपल्या परंपरेत मातृका म्हणतातच. असा शब्द भाग्याने मिळतो. त्याच छापखान्यात टाइपाला ‘खिळा’ म्हणत व तो जुळवणाऱ्याला ‘जुळारी’. ‘मातृका’ व ‘खिळा’ एका छताखाली नांदले, कोणी कोणाला हाकलले नाही. ‘झडप’, ‘दट्ट्या’, ‘मळसूत्र’, ‘चाकी’ हेही याच रीतीने शास्त्रात गेले. ‘बाष्पित्र’ आणि ‘धारवा’ विश्वकोशाच्या पानांबाहेर पडले नाहीत. यातील ‘धारवा’ तर संस्कृतही नाही, चांगला मराठी वळणाचा आहे. तरी तो पडला, कारण तो घडवण्यापूर्वी ‘बेरिंग’ प्रत्येक बैलगाडीपर्यंत पोहोचले होते. वेळ निघून गेल्यावर आलेला चांगला शब्दही उपयोगी पडत नाही.

हा सगळा खटाटोप केवळ कोशकारांसाठी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘टूल अँड डाय मेकर’ या व्यवसायाच्या दोन शाखा आहेत : एक प्रेसची हत्यारे, जिग व फिक्स्चर यांची आणि दुसरी डाय व साचे यांची. म्हणजे प्रशिक्षणाच्या व्यवस्थेने स्वतःच पाडणे व ओतणे हा भेद मान्य केलेला आहे. शाखांच्या नावांत मात्र ‘डाय’ शब्द दुसऱ्या शाखेत गेला आणि पहिल्या शाखेत, जेथे तो रोज हाताळावा लागतो, तेथे ‘हत्यारे’ एवढेच राहिले. मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा या नावांवरून शाखा निवडतो, तेव्हा तो नेमके काय निवडतो आहे हे त्याला कळणे कठीण आहे. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने, कारखान्यातील सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची अट घातली होती. भाषा मराठी असणे आणि ती समजणे या दोन अटी आहेत; पहिली पाळून दुसरी मोडता येते. वर घेतलेल्या २० मिलिमीटरच्या चकतीला सुमारे १९ हजार न्यूटन, म्हणजे जवळजवळ दोन टन जोर लागतो. तो जोर जेथे उतरतो तेथे बोट घालू नये हे सांगताना ‘मुद्रा व छिद्रक यांच्या मध्यस्थ अवकाशात हस्तप्रवेश वर्ज्य’ अशा वळणाचे मराठी लिहिणाऱ्याने प्रेस चालताना एकदा तरी पाहिली असावी, असे वाटत नाही.

एक अडचण उरते, आणि ती मी सोडवू शकलो असा माझा दावा नाही. पंच व डाय यांमधील जी फट मोजूनमापून ठेवावयाची, तिला मराठीत काय म्हणावे? ‘फट’ म्हटले की दोष वाटतो; सुताराला फट नको असते. ‘मोकळीक’मध्ये सैलपणा आहे, माप नाही. ‘सूट’ शब्दाला दुकानदाराचा वास येतो, परंतु त्यात जाणूनबुजून सोडणे हा अर्थ आहे, आणि येथे तोच हवा. अडकित्त्याची व कात्रीची पाती एकमेकांना घासून जातात, म्हणून त्या परंपरेत या वस्तूला नाव पडण्याचे कारणच नव्हते. ही खरोखर नवी वस्तू आहे, आणि नव्या वस्तूपुरता नवा शब्द घेण्यास कोणाचीच हरकत नसावी. तोपर्यंत विद्यार्थी ‘क्लिअरन्स’ लिहितील. चकत्या पाडावयाच्या असता ते पंचातून वजा करतात की डायमध्ये मिळवतात, तेवढे परीक्षकाने पाहावे.